दत्ता, त्या पोराचं नाव वर पाठव

नेरळ,
७ सप्टेंबर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. फरशी पुलावरून पाणी चाललेलं, मधोमध बंद पडलेली जीप, आणि तुमच्या गावचा तो ट्रॅक्टरवाला पोरगा कमरेला कासरा बांधून पाण्यात उतरलेला. वाचताना पोटात गोळा आला रे. जीपमधली सगळी माणसं सुखरूप निघाली हे कळल्यावरच पुढचं वाचता आलं. पण शेवटी तू लिहिलंयस, की त्याचं नाव सरकारकडे पाठवावं असं काही जण म्हणतात, तो स्वतः नको म्हणतो, आणि तुलाही वाटतं की कशाला, त्याच्या जागी कुणीही असतं तरी हेच केलं असतं.

हे मला अजिबात पटलं नाही. दोन्ही काठांना माणसं उभी होती असं तूच लिहितोस. उतरला तो एकटा. काठावरच्यांना मी नावं ठेवत नाही, त्यांनीही दोर धरला होता. पण ‘कुणीही’ म्हटलं की त्याने त्या क्षणी मनाशी काय ठरवलं ते पुसून जातं.

आमच्या कर्जत लाइनवरच्या वांगणी स्टेशनातली गोष्ट तुला ठाऊक असेल. १७ एप्रिल २०२१. अंध आई आपल्या मुलाचा हात धरून फलाटावरून चालली होती. तोल जाऊन मूल रुळांवर पडलं, आणि समोरून उद्यान एक्सप्रेस येत होती. आई फलाटाच्या कडेला हाताने चाचपत राहिली. पॉईंट्समन मयूर शेळके रुळांवरून गाडीच्या दिशेनेच धावत गेला, मुलाला उचलून फलाटावर टाकलं आणि स्वतः वर चढला. पुढच्याच क्षणी गाडी गेली. सीसीटीव्हीतलं ते दृश्य तेव्हा देशभर फिरलं.

मी रोज वांगणीवरून जातो, म्हणून त्या दृश्यात न दिसणारं थोडं सांगतो. वांगणीत अंध कुटुंबांची मोठी वस्ती आहे. मुंबईच्या मानाने घरं परवडतात, आणि त्यातल्या अनेकांचं पोट लोकलवर चालतं. डब्यात किल्ल्यांच्या कड्या, पेनं, मोबाइलची कव्हरं विकायची. कोरोनात लोकल सामान्य माणसांसाठी कित्येक महिने बंद होती, तेव्हा या घरांची चूल कशी पेटली असेल त्याचा विचार कर. ही माणसं पायाने आणि काठीने फलाट ओळखतात. फलाटाच्या कडेने पिवळ्या उठावाच्या लाद्या बसवतात त्या त्यांच्यासाठीच. पायाला उठाव लागला की समजायचं, याच्या पुढे जायचं नाही. पण सहा-सात वर्षांचं मूल लाद्या बघून चालत नाही.

आणि पॉईंट्समन म्हणजे कोण? रुळांचे सांधे बदलायचे, डबे जोडता-सोडताना शंटिंगला उभं राहायचं, न थांबता जाणाऱ्या गाडीला झेंडा दाखवायचा. गाडीतून जाणाऱ्या हजारोंपैकी कुणी त्याच्या तोंडाकडे पाहत नाही. अशी गाडी ब्रेक दाबले तरी कितीतरी पुढे जाऊनच थांबते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? शेळकेने नंतर सांगितलं, की धावताना आपल्याही जिवाला धोका आहे हा विचार मनात आला होता. मला त्या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते. तो बेभान होऊन धावला नाही. काय होऊ शकतं हे त्याला कळलं होतं, आणि कळूनही पाय पुढे पडले. तुमचा पोरगाही आधी कासरा बांधून मग उतरला, म्हणजे त्यालाही पाण्याचा अंदाज होता. उगाच साहस नव्हतं ते.

मध्य रेल्वेच्या कार्यालयात सहकाऱ्यांनी टाळ्यांच्या गजरात शेळकेचं स्वागत केलं. रेल्वेने ५० हजारांचं बक्षीस जाहीर केलं, एका मोटारसायकल कंपनीने गाडी दिली. बक्षिसातली निम्मी रक्कम त्याने त्या मुलाच्या घरी द्यायचं ठरवलं, कारण त्यांची परिस्थिती त्याने पाहिली होती. रेल्वेतल्या साध्या नोकरीतल्या माणसाला २५ हजार म्हणजे किती, ते तुला-मला सांगायला नको.

दुसरा माणूस आहे विष्णू झेंडे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर उद्घोषणा करण्याच्या कामावर होता. कसाब आणि त्याचा साथीदार लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या बाजूला गोळ्या झाडत होते. उपनगरी बाजूला लोकल येतच होत्या, आणि उतरणारी माणसं नेमकी मरणाकडे चालत यायची. झेंडेने माईक हातात घेतला आणि मराठी-हिंदीतून पुन्हा पुन्हा सांगत राहिला, पुढे येऊ नका, फलाट क्रमांक एकच्या मागच्या बाजूने बाहेर पडा. त्याच्या केबिनच्या काचेवर गोळ्या आल्या. तरी तो माईक सोडून गेला नाही. त्या रात्री त्या स्थानकात पन्नासहून अधिक माणसं मेली. किती वाचली याची मोजदाद कधी होणार नाही, कारण वाचलेल्यांपैकी बहुतेकांना आपण कुणामुळे वाचलो हेही माहीत नसेल. ते फक्त आवाज ऐकून वळले आणि घरी गेले. शेळकेचं धावणं कॅमेऱ्याने टिपलं. झेंडेचं काम दिसणारं नव्हतंच. म्हणून अशा माणसांची नोंद कुणीतरी मुद्दाम करावी लागते.

तू म्हणशील, सन्मान करून लोक विसरतातच. हो, विसरतात. उत्तराखंडात सिलक्यारा बोगद्यात १२ नोव्हेंबर २०२३ ला ४१ मजूर अडकले. परदेशी बनावटीचं ऑगर हे भोक पाडणारं यंत्र आतल्या लोखंडात अडकून मोडलं, तेव्हा शेवटचे दहा-बारा मीटर खोदायला हाताने काम करणारे ‘रॅट होल’ खाणकामगार बोलावले. ८०० मिलिमीटरच्या पाइपात शिरून त्यांनी हाताने खोदलं, आणि सतराव्या दिवशी सगळे जण जिवंत बाहेर आले. देशभर हार-तुरे झाले. त्यांच्यातल्या वकील हसनचं दिल्लीतलं घर तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, अतिक्रमण म्हणून पाडलं गेलं. माझं मन अजूनही त्या बातमीपाशी अडकतं. जमिनीचा कायदा काय म्हणतो ते असेल, पण बायकोपोरांसह उघड्यावर आलेल्या माणसाला आदल्या नोव्हेंबरातला हार कशाला पुरणार होता? म्हणूनच मी हारापेक्षा कागदाला मानतो. नाव सरकारदरबारी लागलं, पदक आणि प्रमाणपत्र घरात आलं, की ते नाकारता येत नाही. उद्या तुमच्या त्या पोराच्या लेकीची फी भरायची असो की त्याला कुठे अर्ज करायचा असो, हातात काहीतरी असतं.

आता कामाचं. ‘जीवन रक्षा पदक’ हे आपल्या-तुपल्यासारख्या साध्या माणसांसाठीच आहे. १९६१ पासून देतात. बुडणाऱ्याला, आगीत किंवा विजेच्या धक्क्यात सापडलेल्याला, पुरात, खाणीत अडकलेल्याला वाचवणाऱ्यांसाठी. धोका किती मोठा होता त्यावरून तीन श्रेणी आहेत: सर्वोत्तम, उत्तम आणि नुसतं जीवन रक्षा पदक. वाचवणारा स्वतः गेला, तर मरणोत्तरही देतात. सोबत रोख रक्कमही असते. शिफारस राज्य सरकारमार्फत केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जाते आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत पोचावी लागते. म्हणजे तुला वेळ आहे, पण ‘बघू दिवाळीनंतर’ म्हणण्याइतका नाही. आपल्याकडे साक्षीदार मुंबई-पुण्याला निघून जातात आणि जबाब राहतात.

माझ्या मते आधी ग्रामपंचायतीचा ठराव कर. पोलीस पाटलांकडून घटनेचा दाखला घे, तलाठ्याचा पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत. जीपमधल्या माणसांचे आणि काठावर दोर धरलेल्यांचे जबाब त्यांच्याच शब्दांत लिहून सह्या घे. त्या दिवशी पाणी फरशीवर किती होतं हे ज्याने पाहिलं त्याच्याकडून लिहून घेच, धोका किती होता ते त्यावरूनच ठरणार. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या असतील तर कात्रण जोड. मग जिल्हाधिकारी कार्यालयात दे आणि पोच घ्यायला विसरू नकोस.

आणि पोराला तूच समजाव. तो लाजत असेल. त्याला सांग, की जीपमधल्या त्या म्हाताऱ्या आजींना वाटतं ना, की याचं काहीतरी व्हावं, मग त्यांच्यासाठी तरी सही कर. मिळेल की नाही हे त्याला आधी कबूल करू नकोस, फक्त पाठवतोय एवढंच सांग.

मसुदा लिहिलास की मला पाठव, भाषा मी बघतो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. रविवारी रात्री फोन करीन, तोवर ठरावाचं सरपंचांशी बोलून ठेव.

तुझा,
अविनाश