पिकअपचा एसी दुरुस्त करण्यास मदत करणाऱ्यांचे आभार

एसीतून गरम हवा येऊ लागताच गॅस भरायला निघालेल्या मला थांबवून, आधी इंजिन चालू ठेवून एसीच्या नळ्यांना हात लावून पाहण्यास ज्यांनी सुचवले, त्यांचे मी मनापासून आभार मानतो. जाड नळी गारठलेली होती आणि तिच्यावर पाण्याचे थेंब जमले होते, म्हणजे कॉम्प्रेसर व गॅस दोन्ही ठीक होते. डॅशबोर्डमागच्या बारीक टकटक आवाजाच्या नुसत्या वर्णनावरून, गार व गरम हवेचे मिश्रण करणारी झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरचे दाते झिजले आहेत, हे ज्यांनी अचूक ओळखले, त्यांच्या अनुभवाला माझा नमस्कार. झडप हीटरच्या बाजूला अडकल्याने गार झालेली हवा पुन्हा तापत होती; मोटर बदलताच हवेचे हे तापणे थांबले. गरज नसताना भरलेल्या जादा गॅसने कॉम्प्रेसरच निकामी होऊ शकतो, हे समजावणाऱ्यांचा मी विशेष ऋणी आहे.