गृहपाल झालेल्या लेकीला

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

वसतिगृहाची ऑर्डर हातात पडली, आनंद वाटला. पण फोनवर तू म्हणालीस, ‘आई, नुसतं राहण्या-जेवणाचं तर बघायचंय,’ आणि मला झोप लागेना. अगं, राहणं-जेवणं हेच तर सगळं असतं. सव्वीस वर्षं मी दुसरं काय केलं?

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं, विधवा आणि इतर मुलींनी राहून शिकायची शाळा. बोस्टनच्या मंडळाने दहा वर्षं पैसे पुरवायचं कबूल केलं होतं. खरा घोर स्वयंपाकघराचा होता. बाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या, आणि यायच्या होत्या ब्राह्मणांघरच्या बालविधवा. त्यामुळे सदनात मुलींचा स्वयंपाक ब्राह्मणाच्याच हातचा, सोवळंओवळं ज्यांचं त्यांच्या रीतीने. ते जात पाळणं मला आजही खुपतं. पण केशवपन झालेली, आलवण नेसलेली मुलगी माजघरातून बाहेर यायची, तर ‘आमची पोर बाटली नाही’ असं घरच्यांना चारचौघांत सांगता यायला हवं होतं. बाईंनी ते ओळखलं. सुरुवातीच्याच मुलींमध्ये गोदूबाई होती. तिथे शिकली आणि ११ मार्च १८९३ ला, सदनाला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी, तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला.

त्याच वर्षी पुण्यात गहजब झाला. सदन तोवर मुंबईहून पुण्याला आलं होतं. बाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार लावायच्या नाहीत. मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालक मुली काढून नेऊ लागले. बाईंनी दार लावायला हवं होतं असं मला वाटत नाही. पण लेक दूर ठेवलेल्या बापाची भीतीही मला खोटी म्हणवत नाही.

कारण ती मी पाहिली आहे. दहावीतल्या एका मुलीचे वडील भर दुपारी आले आणि काही न बोलता तिची ट्रंक उचलून चालू लागले. गावात कुणीतरी काहीतरी उठवलं होतं. मला आदल्या दिवशी कळतं तर पहिल्या एसटीने त्यांच्या घरी गेले असते. परीक्षेला दीड महिना राहिला होता. तिची वेणीची लाल रिबन खिडकीच्या गजाला वाळत होती. ती मी कितीतरी दिवस काढली नाही. तू मात्र पहिल्याच महिन्यात प्रत्येकीच्या घरी फोन कर, तक्रार नसतानाही कर.

आणखी एक, मनात राहिलेलं. सदन उघडलं तेव्हा बाईंची मनोरमा आठ वर्षांचीही नव्हती. पुढे तिने आईचंच काम अंगावर घेतलं. तिच्याविषयी वाचताना मला दर वेळी तू दिसतेस. वसतिगृहात गोवर आला तेव्हा तूही तापाने फणफणली होतीस, आणि मी रात्रभर खालच्या हॉलमध्ये त्या अकरा मुलींपाशी होते. पहाटे वर आले तर तू भिंतीकडे तोंड करून जागीच होतीस. त्याबद्दल तू कधी बोलली नाहीस. मीही नाही. पोरी, मला त्या रात्रीचं फार वाईट वाटतं.

गोधडी आणि बॅटरी उद्याच्या एसटीने पाठवते. तुझ्या खोलीचं दार मुलींच्या बोळात उघडतं की बाहेर अंगणात, तेवढं बघून कळव.

तुझी,
आई