काका, जवारी ऐकू आली!

प्रिय काका,
सा. न.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणता आणि स्वतःच फोन ठेवता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. इथे तुम्हाला मधे तोडता येणार नाही.

मंडळाच्या दिवाळीत जेवणाच्या रांगेत मी मित्राला सांगत होतो, की 1978 सालच्या क्लिप्श ला स्काला स्पीकरची जोडी घेतलीय, आता आतलं सगळं उपसून नवं टाकणार. पुढे ताट घेऊन उभे असलेल्या तुम्ही मान वळवून विचारलंत, "सगळं? का?" त्या 'का'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खोकी पन्नास किलोंच्या वरची, हॉर्न भलेथोरले, आणि डावा ट्विटर, म्हणजे वरचे बारीक स्वर काढणारा छोटा स्पीकर, मुका, एवढंच मला ठाऊक होतं. विकणारा म्हणाला होता, "वायर सैल असेल." वायर ठणठणीत होती.

दुसऱ्या शनिवारी तुम्ही तासभर गाडी चालवून डॅलसच्या या टोकाला आलात, तेही स्वतःचा मल्टिमीटर आणि सोल्डरिंग गन घेऊन. आल्या आल्या झाकण उघडाल असं वाटलं होतं. तुम्ही आधी चहा मागितलात आणि गोष्ट सांगितलीत: पॉल क्लिप्श यांनी हा स्पीकर 1963 च्या सुमारास विन्थ्रॉप रॉकफेलर यांच्या आर्कान्सासमधल्या निवडणूक प्रचारासाठी काढला. म्हणजे मुळात सभेचा भोंगाच. "मग तो ओरडतो याचं नवल कसलं? त्याला दिवाणखान्यात बसायला शिकवायचंय, बदलून टाकायचं नाहीये."

डाव्या ट्विटरवर मल्टिमीटरचा काटा हललाच नाही. आतली कॉइल तुटलेली. क्लिप्शचा हा के-77 ट्विटर म्हणजे इलेक्ट्रो-व्हॉइस कंपनीचा टी-35, नाव तेवढं वेगळं, हे मला तुमच्याकडूनच कळलं. एका बाजूला नवा पडदा घालता आला असता. पण एका कानाला पंचेचाळीस वर्षांचा पडदा आणि दुसऱ्याला कोरा, हे तुम्हाला पटेना. म्हणून ट्विटर दोन्हीकडचे बदलले, आणि तेवढेच. नव्याचं तोंड जुन्या खाचेत बसत नव्हतं. मी करवत काढली, तेव्हा तुम्ही माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलंत, तशी नजर मी शाळेनंतर पाहिली नव्हती. शेवटी प्लायच्या तुकड्याची पट्टी कापून तिच्यावर ट्विटर बसवला. मूळ लाकडाला एक नवं भोकसुद्धा पडलं नाही.

क्रॉसओव्हर, म्हणजे आवाजाचे खालचे-वरचे स्वर वेगळे करून ज्याचे त्याला पाठवणारं सर्किट, एए जातीचा. ट्विटरच्या वाटेत 2 मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, मधे कॉइल, आणि ट्विटर जळू नये म्हणून झेनर डायोड. मधल्या स्वरांच्या हॉर्नसाठी 13 मायक्रोफॅरडचा एक. सगळे तेलाचे, पत्र्याच्या डबीतले. एकाच्या बुडाशी चिकट ओल दिसली, तेव्हा तुम्ही माझा हात धरलात. 1979 मध्ये अमेरिकेत बंदी येण्याआधी अशा काही कपॅसिटरच्या तेलात पीसीबी नावाचं विषारी रसायन असायचं. हातमोजे, पिशवी, आणि स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नाही, गावाच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर. मी ते डबे आठवण म्हणून शोकेसमध्ये मांडणार होतो!

कपॅसिटर बदलले, पण आधी उजव्याच खोक्यात. डावा तसाच ठेवून दोघांना एकच (मोनो) सिग्नल दिलात आणि मला आळीपाळीनं ऐकायला बसवलंत. ऐकायला काय? मी गायकांची नावं घेत होतो. तुम्ही खिशातून पेनड्राइव्ह काढलात. त्यात तुमच्या घरच्या तानपुऱ्याची चार मिनिटं, बाकी काही नाही. "गाणं ऐकलंस तर गाण्यात गुंतशील. जवारी ऐक."

डाव्यातून तानपुरा 'टुंग' वाजून विझत होता. उजव्यात तार छेडल्यावर क्षणभरानं जवारी, म्हणजे तो झंकार, उमलायचा, घोडीवरच्या धाग्यापाशी जो जन्मतो तो. वरचे स्वर एकामागून एक सुटे होत गेले. मी उठून हॉर्नच्या तोंडाशी कान लावला. तुम्ही सोफ्यावरून म्हणालात, "लांबून ऐक रे, सभेत काय स्टेजवर चढून बसतात का?"

आता माझी कबुली. तुम्ही गेल्यावर पुढच्याच आठवड्यात मी न विचारता हात घातला. मधला हॉर्न जरा पुढे येऊन बोलतो असं वाटलं, म्हणून त्याची पातळी ठरवणाऱ्या ऑटोट्रान्सफॉर्मरवरची वायर एक टॅप, म्हणजे एक जोड, खाली घेतली. आवाज 3 डेसिबलनं उतरला, पण गळे भसाडे आणि पोकळ झाले. दोन दिवस नव्या ट्विटरला शिव्या घातल्या. मग घाबरत तुम्हाला फोन. तुम्ही रागावला नाहीत, फक्त विचारलंत, "कपॅसिटर तोच ठेवलास?" एक टॅप उतरलं की कपॅसिटरला दिसणारा रोध दुप्पट होतो, त्यामुळे हॉर्नकडे जाणाऱ्या खालच्या स्वरांना जी कात्री 400 हर्ट्झला लागायची ती 200 ला लागते, आणि एवढं खाली काम करायला तो हॉर्न घडवलेलाच नाही. तेराच्या जागी 6.8 मायक्रोफॅरडचा लावला, आणि गळा पुन्हा गळ्यासारखा झाला. हे गणित तुम्ही फोनवर तोंडी केलंत, मागे काकू कुकरची शिट्टी झाली म्हणून ओरडत असताना.

ट्विटरच्या तारा उलट-सुलट कराव्यात का, यावर आपलं अजून भांडण आहे. ट्विटर जिथून काम सुरू करतो त्या 6000 हर्ट्झला लाट जेमतेम पावणेसहा सेंटीमीटरची, तेव्हा ट्विटर तीनेक सेंटीमीटर मागे सरकवला की तारा उलटवल्यासारखंच, हे तुमचं म्हणणं कागदावर मान्य. कानाला अजून पटलेलं नाही.

जुने के-77, झेनर आणि काढलेला प्रत्येक स्क्रू तुम्ही सांगितल्याप्रमाणे चिठ्ठ्या चिकटवून फराळाच्या रिकाम्या डब्यात ठेवलाय. डब्यावर बायकोनं 'चकली नाही' असं लिहिलंय.

तुमचा मल्टिमीटर अजून माझ्याकडेच आहे. शनिवारी आणून देतो. नाहीतर असं करा, तुम्हीच या, काकूंनाही आणा. डावा पुन्हा किंचित खरखरतोय, आणि या वेळी मी खरंच हात लावलेला नाही.

तुमचा,
करवतवाला