बाबा, डोळे किलकिले करा

प्रिय आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलायचं धाडस होईना, म्हणून लिहितेय. फ्लोरेन्समधलं काम मी आणखी एक वर्ष घेतलंय. सही झाली. म्हणजे बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी मी तिथे नसेन, दादा-वहिनी असतील. आई, लगेच डोळ्यांत पाणी आणू नकोस. आधी पुरतं वाच.

बाबा, तुम्ही विचारलं होतंत, त्या फात्तोरीत एवढं काय आहे? जुन्या चित्रफळ्या दुरुस्त करायच्या, तर ती माणसं रंग कसा लावायची ते आधी कळावं लागतं. जोव्हान्नी फात्तोरी हा चित्रकार, लिव्होर्नो शहरातला, जन्म १८२५चा. १८४६ साली फ्लोरेन्सला आला, बेझुओलीकडे शिकला आणि पुढची कित्येक वर्षं ऐतिहासिक प्रसंगच रंगवत बसला. १८५९ मध्ये रोमचा चित्रकार नीनो कोस्ता भेटला आणि त्याने याला समोरचा निसर्ग बघायला लावलं. तेव्हा फात्तोरी चौतिशीत होता. (माझं वय तुम्हाला ठाऊक आहे, अजून उशीर झालेला नाही.) त्याच वर्षी फ्लोरेन्सच्या ‘काशीने’ नावाच्या बागेत फ्रेंच सैन्याचा तळ पडला होता. ते सैनिक त्याने लहान लहान फळ्यांवर उतरवले.

त्याची चित्रकार दोस्तमंडळी जमायची काफ्फे मिकेलांजेलो या कॉफीघरात. सिन्योरिनी, बोर्रानी, काबियांका, मागाहून लेगा. १८६२ मध्ये एका वर्तमानपत्राने चेष्टेने त्यांना ‘माक्कियाओली’ म्हटलं, म्हणजे डाग पाडणारे. यांनी ते नाव खुशाल अंगाला लावून घेतलं! पण ‘डाग’ म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. तुमचंच वाक्य, “डोळे किलकिले कर, नाक-डोळे विसर, उजेड कुठे नि सावली कुठे तेवढं बघ.” ही मंडळी त्यासाठी काळा आरसाही वापरत. त्यात रंग मावळतात, फक्त गडद-फिकं उरतं. मग एका टोनशेजारी (म्हणजे गडद-फिक्या छटेशेजारी) दुसरा टोन ठेवायचा आणि कडा घोटायची नाही. कडा घोटली की दोन्ही टोन मधल्या राखाडीत मिसळतात आणि ऊन मरतं. सगळ्यात उजळ जागा शेवटी. ती आधी लावली तर बाकीचे टोन तिच्या मागे फिके पडत जातात.

फात्तोरीचं ‘ला रोतोंदा दी पाल्मिएरी’ (१८६६) हे चित्र जेमतेम १२ बाय ३५ सेंटिमीटरचं आहे, तुमच्या फूटपट्टीहून थोडं लांब. वर छताचं कापड, खाली सावलीत बसलेल्या बायका, मग उन्हाचा पिवळा पट्टा, समुद्र, डोंगर. चेहरा एकाही बाईला नाही, तरी कोण ताठ बसलीय नि कोण रेललीय ते कळतं. अशा पातळ फळीला रंग एकाच बाजूला असतो. ओलावा उघड्या पाठीतून आत-बाहेर करतो, फळी वाकते आणि वरचा रंग सुटतो. आमची निम्मी लढाई त्या पाठीशीच असते.

फात्तोरीच्या बायकोला, सेत्तिमियाला, क्षय झाला म्हणून १८६१ मध्ये तो फ्लोरेन्स सोडून लिव्होर्नोला जाऊन राहिला. हे लिहिताना हात थांबला. तो गेला, मी येत नाहीये. पण बाबांचा आजार तसला नाही ना गं आई. सेत्तिमिया १८६७ मध्ये वारली आणि त्या उन्हाळ्यात मित्र दिएगो मार्तेल्लीने फात्तोरीला कास्तिल्योंचेल्लोच्या आपल्या शेतवाडीवर नेलं. तिथे येणाऱ्यांतला चित्रकार अब्बाती १८६०च्या लढाईत एक डोळा गमावून बसला होता, तरी रंगवत होता. बाबा, तुमचे तर दोन्ही परत येणार आहेत!

आता मुकाट्याने ऐका. थेंब घालण्याआधी साबणाने हात धुवायचे. बाटलीचं टोक डोळ्याला लावायचं नाही. दोन औषधांत पाच मिनिटं जाऊ द्यायची. डॉक्टर ‘हो’ म्हणेपर्यंत डोक्यावरून अंघोळ नाही, बादली उचलणं नाही, डोळा चोळणं नाही. रात्री डोळ्यावरची ढाल काढायची नाही. दुखायला लागलं, लाली वाढली किंवा कमी दिसू लागलं तर सकाळची वाट न बघता दादाला उठवायचं. नवा चष्मा नंबर स्थिरावल्यावरच. आई, गुडघा धरून जिने चढू नकोस, थेंबांचं वहिनीकडे सोपव.

माझी काळजी नको. तूरडाळ मिळते, खोलीत हीटर आहे, तू दिलेली गोधडी अंगावर असते.

आणि बाबा, एक काम. मोतीबिंदूने भिंग पिवळट होतं, त्यात निळा मळतो. पहिला डोळा झाला की, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, खिडकीच्या चौकटीतून दिसतं ते पुठ्ठ्यावर दोनदा काढा. एकदा नवा डोळा झाकून, एकदा जुना. पाचच टोन, कडा घोटायची नाही. दोन्ही पुठ्ठे उजेडात धरून दादाला फोटो काढायला सांगा.

तुमची,
चिमी