बायकांची चक्कर म्हणजे अशक्तपणाच नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात नंदगडला माझी आक्का भांडी घासता घासता कोसळली. दोन मिनिटांत शुद्धीवर आली. शेजारणी म्हणाल्या, एकादशी केली असेल. जवळच्या दवाखान्यातही ‘बायकांना अशक्तपणा असतोच’ म्हणून सलाईन लावून घरी पाठवलं. ईसीजी कुणी काढलाच नाही. तो राग अजून गेलेला नाही.

दुसऱ्यांदा पडली तेव्हा बेळगावला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी ईसीजीच्या कागदावर पेनाच्या टोकाने बारीक चौकोन मोजून दाखवले. एक चौकोन ०.०४ सेकंदाचा. ‘क्यूटी’, म्हणजे एका ठोक्याची वीज हृदयाच्या खालच्या कप्प्यांत शिरून पुन्हा शांत होईपर्यंतचा वेळ, भरला १३ चौकोन, म्हणजे ०.५२ सेकंद. ठोक्यांच्या वेगाचा हिशेब धरूनही बायकांत तो साधारण ०.४६ च्या आत हवा.

प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम बारीक वाटांनी बाहेर जातं, तेव्हा कुठे पेशी पुढच्या ठोक्याला तयार होते. वाट अडली की क्यूटी लांबतो, ठोके बेफाम होतात आणि माणूस पडतो. कधी उठतच नाही. लहानपणी मुलामुलींचा क्यूटी सारखाच असतो. वयात येताना टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकामुळे मुलग्यांचा आखूड होतो, मुलींचा तसाच राहतो. म्हणून औषधांमुळे होणाऱ्या या बिघाडात पुरुषांपेक्षा बायका जास्त सापडतात. बायकांचा क्यूटी लांब असतो हे १९२० पासून ठाऊक आहे, तरी आपल्याकडे चक्कर आली की लिंबू-सरबत!

आक्काला बीपीसाठी लघवीची गोळी चालू होती. त्यात जुलाब-उलट्या झाल्या. दोन्हींनी रक्तातलं पोटॅशियम उतरलं, आणि त्यानेही क्यूटी लांबतो. वरून उलटीसाठी डोम्पेरिडोन आणि जुलाबासाठी अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक. दोन्ही औषधं क्यूटी लांबवू शकणारी, दोन्ही मेडिकलमधून हातोहात आणलेली. युरोपात २०१४ पासून डोम्पेरिडोनच्या मात्रेवर आणि दिवसांवर बंधनं आहेत.

आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांना कन्नड वाचता येत नाही, इंग्रजी तर नाहीच. गोळी ओळखायची ती रंगावरून. तेव्हा दवाखान्यात जाताना घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या. डॉक्टरांनीही उलटीची किंवा अँटिबायोटिकची गोळी लिहिण्याआधी ‘आधी चक्कर आली होती का, घरात कुणी अचानक गेलंय का’ एवढं मराठीत विचारावं. आणि बाई कारण नसताना कोसळली तर ईसीजी काढल्याशिवाय तिला घरी धाडू नये.

आपली,
एक वाचक, खानापूर