अर्धा अंश थोडा नव्हे

‘कॅरिबियन बेटांवर तापमान सरासरीपेक्षा अर्ध्या अंशाने अधिक’ ही आपल्या अंकातील चार ओळींची बातमी वाचली. ती आतल्या पानाच्या कोपऱ्यात, कोणत्याही तुलनेविना छापली, याची खंत वाटते. आपल्या बेळगाव भागात फेब्रुवारीत पहाटे स्वेटर आणि दुपारी पंखा लागतो, त्यामुळे अर्धा अंश वाचून कोणीही पान उलटणारच. पण बार्बाडोससारख्या बेटावर वर्षातल्या सर्वांत थंड आणि सर्वांत उष्ण महिन्यांच्या सरासरीतच जेमतेम दोन-तीन अंशांचे अंतर असते. चहूकडचा समुद्र हवा फार तापू देत नाही आणि फार निवूही देत नाही. तिथे अर्धा अंश ही मोठी वाढ आहे. समुद्राचे पाणी सर्वांत उष्ण महिन्याच्या नेहमीच्या सरासरीहून एकच अंश अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तरी प्रवाळ पांढरे पडू लागतात. आपल्या लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली हेच घडले.

म्हणून विनंती, की अशा बातमीत ‘सरासरी’ कोणत्या काळाची हे अवश्य द्यावे. सध्या ती बहुधा १९९१ ते २०२० या तीस वर्षांची धरतात. जिल्ह्याच्या हवामानालाही हेच लागू आहे. खानापूरचे जंगल आणि अथणीचा कोरडा माळ यांची सरासरी एक नाही. नुसत्या ‘बेळगावचा पारा’ या आकड्यावरून अथणीच्या द्राक्षबागायतदाराला काहीच उमगत नाही.

– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)