कोनशिला बसली, केंद्र कुठंय?

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यात आपण मणक्याच्या रुग्णांसाठी पुनर्वसन केंद्राचं भूमिपूजन केलंत. नारळ मीही पाहिला, लांबून. मंडपात पुढे माझी चाकाची खुर्ची नेण्याजोगी वाटच नव्हती. "वर्षभरात सुरू करू," म्हणालात. परवा लेखी उत्तर आलं: निधी वर्ग झालेला नाही. कोनशिलेवर गोवऱ्या वाळताहेत. चला, कुणाला तरी उपयोग झाला.

नऊ वर्षांपूर्वी खड्ड्यात दुचाकी आपटली नि मानेचा मणका गेला. खांदा, कोपर, थोडं मनगट चालतं. बोटं नाहीत. हे पत्र फोनला सांगून लिहितोय. तो 'मणका'चा 'मनुका' करतो, मुलगी दुरुस्त करते. शर्टाचं बटण, पाण्याचा पेला, लघवीची पिशवी, सगळं बायकोवर. उचलून उचलून तिची पाठ गेली, तिला कुठल्या योजनेत बसवू? मनगट वर उचललं की लुळी बोटं आपोआप मिटतात, त्यात पोळीचा तुकडा धरता येतो, हे मला चार वर्षांनी कळलं. तेही दुसऱ्या एका रुग्णाकडून!

तिकडे 2024 मध्ये 'नेचर मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात एका चाचणीचे निकाल छापून आले. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, नेदरलँड्समधले माझ्यासारखे 60 जण. ऑपरेशन नाही. मानेवर कातडीला इलेक्ट्रोड चिकटवून मज्जारज्जूला वीज द्यायची. मेंदूचा जो क्षीण निरोप जखमेतूनही खाली झिरपतो, त्याला उचल मिळते. 72 टक्के लोकांच्या हाताची ताकदही वाढली आणि कामही. कुणाच्या दुखापतीला तर 34 वर्षं झालेली. त्याच डिसेंबरात अमेरिकेने यंत्राला मंजुरी दिली.

घाबरू नका, यंत्र मागत नाही. (मागितलं तर समिती नेमाल आणि समिती आधी परदेश दौरा करील.) त्या चाचणीत पहिले दोन महिने नुसता हाताचा व्यायाम होता, पुढचे दोन महिने व्यायाम आणि वीज. व्यायाम करून घेणारं माणूसच नसेल तर ती वीज काय कामाची? आमच्या सरकारी रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारे) कुठे बसतात विचारलं, तर केसपेपरवाला म्हणाला, "ते काय असतं?" घरी येणारा फिजिओ एका खेपेचे 500 घेतो. दिव्यांगांचं अनुदान आता 2500 केलंत, म्हणजे महिन्याला पाच खेपा. कॅथेटर, डायपर, गोळ्या देवाच्या भरवशावर.

मुंबईत हाजी अलीला 1955 पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. आम्ही तिथं रोज उडत जायचं का? 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, 2022 पासून स्वतंत्र दिव्यांग विभाग आहे, फ्लेक्स तर चौकाचौकात आहेत. स्मारकांना पैसा कमी पडत नाही. आणि माझा खड्डा ज्या कंत्राटदाराचा, त्यालाच पुढच्या वर्षी तो रस्ता परत मिळाला. त्याची बोटं बिलावर सही करण्यापुरती शाबूत आहेत.

केंद्र राहू द्या. तालुक्याला एक थेरपिस्ट द्या, आठवड्यातून तीन दिवस. खोली नसेल तर व्हरांड्यात बसू. कोनशिला हवी तर तिथंही बसवा, नाव तुमचंच घाला.

आपला,
एक मतदार
(सही मुलीने केली आहे)